एकशे अठ्ठ्याण्णव दिवस

दोन हजार एक साल, मे महिन्याची एक तारीख. झेंडावंदन उरकून शाळेतली पोरं निकालाचे कागद फडफडवत घरी पळाली होती, आणि उंबरखोरीच्या दूध संस्थेत सकाळची गर्दी नुकतीच ओसरली होती. संस्थेचा टेस्टर आकाराम चौगुले दुधाचं फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या घालत होता. दाराशी पेंडीच्या पोत्यांना पाठ लावून त्याची नऊ वर्षांची मुलगी रूपाली बसली होती.

रूपाली जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नव्हती. पुढं तिचे हातपाय ताठरच राहिले. भिंतीला धरून चार पावलं टाकायची, पाचव्याला बसायची. बोलायला लागली की एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर यायचा. डोकं मात्र लख्ख होतं. सकाळ-संध्याकाळ ती बापाबरोबर डेअरीत असे, आणि कोण येतंय हे तिला चपलेच्या आवाजावरून कळे. "सत्तावीस नंबर. म्हशीचं," असं ती आपल्या संथ चालीत म्हणायची, तोवर सत्तावीस नंबरचा माणूस किटली टेकवत असायचा.

गुरव गुरुजी सायकल भिंतीला लावून आत आले. गावच्या शाळेचे ते मुख्याध्यापक, पन्नाशीचे, सरळ स्वभावाचे. त्यांनी खिशातून दुमडलेला कागद काढला.

"घे आकाराम. पोरगी चौथीत गेली."

आकारामनं ओला हात पँटला पुसून पुढं केला. पण त्याआधीच रूपालीनं आपला हात उचलायला घेतला होता. तो वर येईपर्यंत गुरुजी थांबले, मग हसून त्यांनी कागद तिच्या बोटांत अडकवला आणि ते निघून गेले. मागच्या वर्षीचा असाच कागद आकारामनं ट्रंकेत कपड्यांखाली सारला होता. या वेळी तो पोरीच्याच हाती पडला.

रूपालीनं कागद मांडीवर पसरला. पहिलीत ती वाचायला शिकली होती, पुढचं सगळं पेंडीच्या पोत्यांवरून आणि डेअरीत येणाऱ्या पेपरावरून. बराच वेळ ती वाचत राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "ही रूपाली कोन?"

"तूच की."

"न्हवं. ही एकशे अठ्ठ्याण्णव दिवस शाळंला गेलीया. हिला चित्रकलेत ब मिळालाय." तिनं दम घेतला. "मी तर हितं बसलोय."

नळ्या धुऊन झाल्या होत्या, तरी आकारामनं त्या पुन्हा धुवायला घेतल्या.

खरी गोष्ट अशी होती. दुसरीत असताना, पावसाळ्यात, रूपाली शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. कपाळ फुटलं, सहा टाके पडले. गुरुजींनी स्वतः तिला उचलून मलकापूरच्या दवाखान्यापर्यंत नेलं. त्यांचा सदरा रक्तानं भिजला होता. आठ दिवसांनी ते घरी आले आणि आकारामला अंगणात घेऊन म्हणाले, "शाळेत आमी दोघंच मास्तर. सत्तर पोरं. उद्या हिला काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? घरीच ऱ्हाऊ दे. हजेरी मी लावत जातो, वर्षाच्या वर्षाला पास करतो. कागदाला कुठं कमी पडणार न्हाय." आकाराम लगेच हो म्हणाला होता. टाके घालताना पोरगी ज्या आवाजात रडली तो आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. त्या दिवशी त्याला गुरुजी देवमाणूस वाटले होते.

आता त्याच गुरुजींचा त्याला राग आला. राग आला, कारण स्वतःवर आलेला राग कुठं ठेवायचा हे त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. गुरुजी सुट्टीतली कागदपत्रं आवरत होते. आकारामचा आवाज मुळात असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक पोचावी. तो सगळा आवाज त्यानं गुरुजींवर काढला. टेबलावर हात आपटला, दौत सांडली. गुरुजी एवढंच म्हणाले, "तू व्हय म्हणालतास, आकाराम." तेवढ्यात दोघा-तिघांनी त्याला धरून बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की टेस्टरनं मास्तरला मारलं. मारलं नव्हतं, पण ते कुणाला पटेना.

"वरडून काय मिळालं?" त्याची बायको आक्काताई म्हणाली. भाकरी थापता थापता तिनं मान वर केली नाही. "पोरगी कालपास्नं माझ्याशी बोलंना. मी पन तवा गप्प बसलोतो, म्हणून."

दोन दिवसांनी जनावरांना लस टोचायला धम्मपाल कांबळे आला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातला हा मनुष्य महिन्यातून एकदा डेअरीत यायचा. दौत सांडल्याची गोष्ट त्याच्या कानावर वाटेतच पडली होती. त्यानं चहा घेतला आणि आपल्या बहिणीची हकीकत सांगितली. बहीण गारगोटीला दिली होती. तिच्या मुलाला ऐकू येत नव्हतं, पाच वर्षं तो नुसता घरी बसून होता.

"कोल्हापुरात संयोगिताताई म्हणून हायेत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असल्या पोरांच्या आईबापांना बोलवतात. पैसाबैसा घेत न्हाईत. अर्ज कसा करायचा, कुणाला भेटायचं, काय बोलायचं ते शिकवतात. आता भाचा शाळेत हाय माझा." त्यानं लशीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पत्ता लिहिला. "पन तिथं असलं वरडू नगंस."

दुसऱ्या शनिवारी सकाळचं दूध घेऊन झाल्यावर आकाराम मलकापुरात आला आणि कोल्हापूरची एस.टी. धरली.

शाहूपुरीत एका कापड दुकानाच्या मागे ती खोली होती. वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल मिळत असतानाही संयोगिताताईंनी ही अंधारी खोली घेतली होती, कारण हिला पायरी नव्हती. आत वीस-एक बायका, काहींच्या मांडीवर मुलं. पुरुष असा तो एकटाच. तो चपलांच्या ढिगाशी बसला.

"या पावणं, दारात का बसलाय? पुढं या," एक बाई म्हणाली. उंच, गव्हाळ, केस पांढरे होत आलेले. याच संयोगिताताई. त्यांचा मुलगा विजयसिंह जन्मापासून बहिरा. त्याला शिकवण्यासाठी या बाईनं अकरा वर्षं एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या. मुलगा आता वीस वर्षांचा, शिरोलीला एका कारखान्यात लेथवर कामाला होता. पण चपला झिजवताना जे कळलं ते आपल्यापाशीच ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून हे दुसरे शनिवार.

आकारामनं आपली गोष्ट सांगितली. मास्तरनं पोरीला घरी बसवलं, इथपर्यंत. आपण हो म्हणालो होतो आणि वहीत हजेरी लागतेय, एवढं सोडून सगळं सांगितलं. निकालाचा कागद त्यानं घरीच ठेवला होता. बोलता बोलता आवाज चढला तशी एका बाईच्या मांडीवरचं मूल दचकून उठलं.

"तुम्हाला काय पाहिजे?" संयोगिताताईंनी विचारलं.

"न्याय पायजे."

"ते नंतर बघू. सोमवारी सकाळी तुमची मुलगी शाळेच्या दारात उभी आहे असं धरा. तिला पहिल्यांदा काय लागणार?"

पायऱ्या आहेत एवढंच आकारामला माहीत होतं.

"तिला विचारलं का कधी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आज जा आणि विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. तुमचं काही घालू नका." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"डेअरीत टेस्टर हाय. फॅट काढतो."

"कुणी म्हणालं, माझ्या दुधाला फॅट कमी लावलंस, तर काय करता? भांडता?"

"भांडायचं कशाला? रजिस्टर काढून दाखवतो. तारीखवार असतंय की सगळं."

"झालं तर मग. पोरीचंही तसंच रजिस्टर ठेवा. कुणाला भेटलात, कोण काय म्हणालं, तारीख घालून लिहायचं. आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. शिक्का, सही, तारीख. पंच्याण्णव साली अपंगांसाठी कायदा झालाय. अठरा वर्षांची होईपर्यंत तिला फुकट शिकवायचं, तिला जमेल अशा जागी शिकवायचं, ही सरकारची जबाबदारी. मास्तर तुमच्यावर उपकार करत नाही, आणि तुम्हीही त्याच्याकडं भीक मागायला चालला नाही. कामाला चाललाय. कामाला गेल्यासारखं बोलायचं."

आकाराम परतीच्या गाडीत खिडकीशी बसला. कुणीतरी आपल्याला काम सांगितलं, एवढ्यानंच त्याला हलकं वाटत होतं.

घरी येऊन तो रूपालीसमोर मांडी घालून बसला. पोरीशी असं समोर बसून त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. उचलायचं, पुसायचं, भरवायचं, हे सगळं केलं होतं. त्यानं वही उघडली.

"शाळंला जायचं तर तुला काय काय लागंल? सांग. मी लिवतो."

रूपालीनं आधी त्याच्याकडं बघितलं, खरंच विचारतोय का म्हणून. मग सांगायला लागली. मधे आक्काताई येऊन भिंतीला टेकली. पाऊण तास लागला. वहीत पानभर झालं ते असं: वर्ग खालच्या खोलीत पायजे, वरच्या नको. खुर्ची पायजे, दोन्हीकडं हात असलेली, म्हणजे मी कलंडणार न्हाय. लिवायला मला दुप्पट वेळ लागतो, तेवढा द्यावा. जे लिवता येत न्हाय ते तोंडी विचारावं. तोंडी विचारलं की थांबावं, दुसऱ्याला विचारू नये. मधल्या सुट्टीत आईनं एकदा यावं. दुसरीची पुस्तकं घरात हायेत. तिसरीची पायजेत, कारण मी तिसरी शिकलो न्हाय.

शेवटचं वाक्य लिहिताना आकारामचं पेन अडखळलं. पण त्यानं लिहिलं.

नंतरचा महिना त्यानं धावपळीत काढला. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात रूपालीला पाठीवर घेऊन दोन बुधवार तो रांगेत उभा राहिला, तेव्हा अपंगत्वाचा दाखला हातात पडला. संयोगिताताईंनी अर्ज नीट मांडून दिला. पोरीचं पानभर म्हणणं मात्र त्यांनी जसंच्या तसं राहू दिलं. तो अर्ज घेऊन आकाराम मलकापूरला पंचायत समितीत गेला. टेबलामागच्या कारकुनानं न बघताच सांगितलं, "ठेवून जावा."

"पोच द्या."

"साहेब आल्यावर बघतील, म्हणालो की."

"बघू दे की. मी पोच घेऊन जातो."

कारकून चहाला गेला. आकाराम बसून राहिला. जेवायला गेला. आकाराम बसून राहिला. दोन-तीनदा त्याच्या घशापर्यंत आवाज आला, तो त्यानं गिळला. सव्वातीन वाजता कारकुनानं त्याच्याकडं एकवार बघितलं, शिक्का उचलला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मारला. आकारामनं तिथंच वही काढून तारीख आणि वेळ लिहिली.

शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले तेव्हा पत्र आलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी, म्हणजे तालुक्याच्या शाळांवरच्या साहेबांनी, मुलीला घेऊन भेटायला बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनाही रजिस्टर घेऊन यायला सांगितलं होतं.

रजिस्टर हा शब्द आकारामनं पुन्हा पुन्हा वाचला. संयोगिताताईंना सांगावं असं त्याच्या मनात दोनदा आलं. एकदा तर तो एस.टी. स्टँडवरच्या फोनपाशी जाऊन उभाही राहिला. पण त्या बाईसमोर आपण मुलीसाठी झगडणारा बाप होतो. ते सोडून देणं त्याला जड गेलं.

ठरल्या दिवशी संयोगिताताई सकाळच्या गाडीनं मलकापूरला आल्या. आकाराम, आक्काताई आणि मधे रूपाली बाकावर बसले होते. "बोलायचं तुम्ही," ताई म्हणाल्या. "मी नुसती शेजारी बसणार. अडलात तरच."

साहेब चाळिशीतले, चष्मेवाले. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, रूपालीचं पान दोनदा वाचलं. मग गुरव गुरुजींकडं वळले.

"मुलगी शाळेत येत नाही?"

गुरुजींनी रजिस्टर उघडून साहेबांसमोर सरकवलं. "हजेरी हाय साहेब. गेल्या साली एकशे अठ्ठ्याण्णव दिवस. पास झाली. तशी काही अडचण न्हाय शाळेत."

साहेबांनी पानं उलटली. प्रत्येक महिन्यात रूपालीच्या नावापुढं सरळ रेषेत हजर, हजर, हजर. त्यांनी चष्मा काढला.

"चौगुले, मुलगी नियमित शाळेत येते, पास होतेय. मग हा अर्ज कशासाठी? खालची खोली, खुर्ची, हे ती आत्तापर्यंत कसं चालवत होती?"

संयोगिताताईंनी आकारामकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं धाडस त्याला झालं नाही. गुरुजी खाली बघत होते.

साहेब रूपालीकडं झुकले. "काय गं बाळ? जातेस ना तू शाळेत?"

रूपालीनं तोंड उघडलं. तिला बोलायला वेळ लागतो हे आकारामला माहीत होतं, तसा तो थांबला. पण शब्द आलाच नाही. तिनं तोंड मिटलं आणि बापाकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ त्याला लख्ख कळला. तिला उत्तर येत होतं. ते दिलं तर आप्पा खोटा पडेल, म्हणून ती गप्प बसली होती. खुर्ची, खोली, तिसरीची पुस्तकं, सगळं सोडून द्यायला ती तयार झाली होती, त्याला वाचवायला.

आकाराम उभा राहिला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की साहेबांना पुढं वाकावं लागलं.

"साहेब, ते रजिस्टर खोटं हाय. आन् त्यात मी बी हाय. दोन वर्सामागं ही पायऱ्यांवरनं पडली. गुरुजी म्हणाले घरी ठेव, हजेरी लावतो. मी व्हय म्हणालो. मला तवा बरंच वाटलं. दोन वर्सं ही माझ्याबरोबर डेअरीत बसतीया. शाळंत एक दिवस बी गेली न्हाय. मागच्या वर्सी पास झाल्याचा कागद मी हिच्यापास्नं लपवून ठेवला. ह्या ताईंना पन मी हे सांगितलं न्हवतं. चूक माजी हाय. शिक्षा काय असंल ती द्या, पन पोरीला बसवा."

आक्काताई पदराचं टोक हातात घेऊन म्हणाली, "आमच्या दोघांची हाय, साहेब."

मग गुरुजी बोलले. त्यांनी रजिस्टर आपल्याकडं ओढून मिटलं. "मी भ्यालो साहेब. त्या दिवशी पोरीचं रक्त थांबंना. अजून पायऱ्या उतरताना तेच दिसतंय. हजेरी लावताना रोज वाटायचं, हे बरं न्हवं. पन एकदा लावली, मग पुसायची कशी?"

साहेब रागावले होते हे दिसत होतं. त्यांनी गुरुजींना सांगितलं की जे झालं ते आजच्या आज लेखी द्यायचं, त्याची ताकीद मिळेल, ती सर्व्हिस बुकात लागेल. आकारामलाही लेखी द्यायला सांगितलं. गुरुजींनी मान हलवली. आकारामला वाटलं, संपलं आता.

मग साहेबांनी रूपालीचं पान पुन्हा पुढं ओढलं.

"खालच्या खोलीत कुठला वर्ग बसतो?"

"पहिली," गुरुजी म्हणाले.

"पहिलीची पोरं पळत वर जातील. चौथी खाली आणा. खुर्ची?"

"गावात सुतार हाय. मी करून घेतो. माप घ्यायला मीच येतो घरी."

"वेळ दुप्पट, तोंडी परीक्षा, हे मी लेखी आदेशात घालतो. तुमच्यानंतर येणाऱ्या मास्तरलाही ते लागू राहील. तिसरीचं काय? पास झालेल्या मुलीला मला मागं बसवता येत नाही."

"शाळा सुटल्यावर अर्धा तास मी शिकवतो," गुरुजी म्हणाले. "दिवाळीपर्यंत उरकतो तिसरी."

साहेब रूपालीकडं वळले. "चालेल?"

या वेळी ते थांबले. पेन खाली ठेवून, हात बांधून थांबले. रूपालीच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"अर्धा तास," ती म्हणाली, "कमी पडंल."

गुरुजींना हसू फुटलं, आणि त्याच्याबरोबरच डोळे भरून आले. "पाऊण तास," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आकाराम संयोगिताताईंसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"हे मला आधी सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "आज सगळं हातातून जात होतं."

"व्हय ताई."

"विजयसिंह लहान असताना मीही एका कागदावर सही केली होती. मुलगा वर्गात मागं बसेल, त्याच्याकडं लक्ष दिलं नाही तरी माझी तक्रार नाही, असं लिहून घेतलं होतं त्यांनी. त्याला निदान आत तरी घेतायत, म्हणून मी केली. चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "येत्या दुसऱ्या शनिवारी या. मलकापूरच्याच बाजूचा एक बाप येणार आहे, त्याला बायका बोलल्या की तो उठून जातो. तुम्ही त्याच्याशेजारी बसा."

आकाराम गेला. त्या शनिवारी आणि त्यानंतरच्या पुष्कळ शनिवारी गेला. चपलांच्या ढिगाशी बसणाऱ्या बापांना पुढं बोलवायचं काम हळूहळू त्याचं झालं. पुढं रूपाली मलकापूरच्या हायस्कुलात गेली, तिथं पुन्हा पायऱ्या निघाल्या, पुन्हा अर्ज, पुन्हा पोच. दोन हजार आठ साली तिनं दहावीची परीक्षा दिली. ती सांगत होती आणि नववीतली एक मुलगी तिच्यासाठी लिहीत होती. पण ते सगळं नंतरचं.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी रूपाली शाळेत गेली. आकारामनं तिला पाठीवरून नेलं, खालच्या खोलीत नेऊन नव्या खुर्चीत बसवलं. खुर्चीच्या हातांना सुतारानं गोल कडा काढल्या होत्या, लागू नये म्हणून. गुरुजी दारात उभे होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मे महिन्यातलं कुणीच काढलं नाही.

"जावा आता," रूपाली म्हणाली.

तो बाहेर आला, पण गेला नाही. आंब्याखाली उभा राहिला. आतून पाढ्यांचा आवाज येत होता, सगळ्या पोरांचा एकत्र. ते थांबले की मागून एकटीचा एक आवाज यायचा, ओढत ओढत, शेवटच्या आकड्यापर्यंत. बाकीची पोरं तोवर गप्प राहायची. पहिल्या दोन वेळा कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही.

आकाराम घरी आला. आक्काताईनं ताट वाढलं. तो दोन भाकऱ्या जेवला, वरती ताक प्याला, आणि सोप्यात घोंगडं टाकून आडवा झाला. दिवसाउजेडी झोपणारा माणूस तो नव्हता. बघता बघता घोरायला लागला. आक्काताई मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन आली, धुणं धुऊन आली, तरी तो त्याच कुशीवर होता. चार वाजता संस्थेचा गडी हाक मारत आला, दूध घालायला माणसं गोळा झालीत म्हणून.

आक्काताईनं दार अर्धं लोटून घेतलं. "बसू दे माणसास्नी घटकाभर," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्येंचा डोळा लागलाय."